लुकिंग ग्लास स्टुडिओ: नावाजलेले गेम हाती असताना दार का बंद झाले

प्रश्न असा आहे: ज्या स्वतंत्र स्टुडिओच्या संगणक-गेमना समीक्षकांनी डोक्यावर घेतले, ज्यांपैकी काहींच्या प्रती लाखांत खपल्या आणि ज्यांच्या कल्पना पुढची वीस वर्षे इतरांनी वापरल्या, तो अमेरिकेतील लुकिंग ग्लास स्टुडिओ मे २००० मध्ये अचानक बंद का पडला? गेमला पैसा पुरवून तो बाजारात आणणाऱ्या प्रकाशकाने त्याचा बळी घेतला, की त्याला धंदाच जमला नाही?

गेम स्टुडिओंची वेळापत्रके, अंदाजपत्रके आणि प्रकाशकांशी होणारे करार हे अनेक वर्षे माझे रोजचे काम आहे, आणि या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी लुकिंग ग्लासचा इतिहास बारकाईने वाचायला सांगतो. माझे उत्तर असे की, या स्टुडिओचा ऱ्हास कोणत्याही एका फसलेल्या गेममुळे किंवा एका दुष्ट प्रकाशकामुळे झाला नाही. पगार दर महिन्याला द्यावे लागतात आणि गेमचा पैसा मात्र दीड-दोन वर्षांच्या कामानंतर येतो. या दोहोंमधील अंतर स्टुडिओने दहा वर्षे सतत दुसऱ्याच्या पैशाने भरून काढले, आणि ज्या महिन्यात ते भरणारे सगळेजण एकाच वेळी थांबले, त्या महिन्यात तो संपला. हे अंतर कसे तयार झाले, ते त्याच्या यशानेही कमी का झाले नाही, आणि आजच्या स्वतंत्र स्टुडिओंनाही तेच का गाठते, हे मी सविस्तर सांगतो.

पॉल न्यूरॅथ यांनी १९९० मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील सेलम या गावी ब्लू स्काय प्रॉडक्शन्स या नावाने ही कंपनी सुरू केली. त्यांचा पहिला मोठा गेम 'अल्टिमा अंडरवर्ल्ड' मार्च १९९२ मध्ये ओरिजिन सिस्टिम्सने प्रकाशित केला. भिंती, जमीन आणि छतावर चित्रपोत (पृष्ठभागाला खरेपणा देणारी चित्रे) चढवलेले त्रिमितीय भुयार, त्यात कुठल्याही दिशेने चालण्याची, वर-खाली पाहण्याची, उडी मारण्याची, पोहण्याची मोकळीक, आणि हे सारे त्या काळच्या घरगुती संगणकावर. पुढे सर्वतोमुखी झालेला 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' याच्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी आला आणि तांत्रिकदृष्ट्या त्यात यापेक्षा कितीतरी कमी गोष्टी होत्या. डग चर्च यांच्यासारखे अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात शिकलेले तरुण प्रोग्रॅमर या चमूत होते, आणि ओरिजिनच्या बाजूने निर्माता म्हणून वॉरन स्पेक्टर काम पाहत होते. त्याच वर्षी ब्लू स्काय आणि नेड लर्नर यांची कंपनी एकत्र आल्या आणि लुकिंग ग्लास हे नाव आले. पुढे मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज हे त्यांचे ठिकाण झाले.

या पहिल्या गेमचा हिशेबच पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे. ओरिजिनने त्याच्या निर्मितीसाठी सुरुवातीला ३० हजार डॉलर दिले होते. शेवटी खर्च झाला सुमारे ४ लाख डॉलर. मधली तूट भरून काढण्यासाठी न्यूरॅथ यांनी आपल्या 'स्पेस रोग' या आधीच्या गेमच्या रॉयल्टीचा पैसाही वापरला. गेम चालला, त्यामुळे हे धाडस पुढे दूरदृष्टी म्हणून सांगितले गेले, आणि त्यात काही खोटेही नाही. परंतु पहिल्याच कामात कंपनीला एक सवय लागली: काम जेवढे चांगले करायचे असेल तेवढा वेळ घ्यायचा आणि पैशाचा बंदोबस्त वाटेत करायचा. चार-सहा माणसे असताना ही सवय भागते. माणसे साठ झाली की तीच सवय दर महिन्याला लाखो डॉलर मागू लागते.

आता करारांच्या रचनेबद्दल बोलणे आवश्यक आहे, कारण गेम लाखांत खपूनही स्टुडिओच्या हातात पैसा का येत नाही, हे त्याशिवाय समजत नाही. त्या काळी, आणि पुष्कळ प्रमाणात आजही, स्वतंत्र स्टुडिओ प्रकाशकाकडून उचल घेऊन गेम बनवत असे. ही उचल एकरकमी मिळत नाही. कामाचे टप्पे ठरतात, प्रत्येक टप्प्याला काय सादर करायचे ते लिहिले जाते, प्रकाशक ते तपासतो, मान्य करतो आणि मग त्या टप्प्याचा हप्ता देतो. गेम विकला जाऊ लागला की प्रत्येक प्रतीमागे स्टुडिओची रॉयल्टी धरली जाते, परंतु ती स्टुडिओला मिळत नाही. आधी घेतलेली सगळी उचल त्या रॉयल्टीतून फिटावी लागते आणि त्यानंतरच्या प्रतींचाच पैसा स्टुडिओच्या खात्यात येतो.

यातली मेख आकड्यांत दिसते. पुढील आकडे कोणत्या एका कराराचे नाहीत, नव्वदच्या दशकातील सर्वसाधारण अटी डोळ्यांसमोर ठेवून मी ते उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, २० माणसांच्या चमूने १५ महिने काम केले आणि एका माणसामागे पगार, जागा, यंत्रे, विमा असा सगळा मिळून महिन्याला १० हजार डॉलर खर्च धरला, तर गेमचा खर्च ३० लाख डॉलर होतो. प्रकाशकाला दुकानदाराकडून दर प्रतीमागे ३० डॉलर मिळतात आणि त्यांतील १५ टक्के, म्हणजे साडेचार डॉलर, स्टुडिओची रॉयल्टी आहे असे धरू. ३० लाखांची उचल फिटण्यासाठी सुमारे ६ लाख ६७ हजार प्रती विकाव्या लागतात. तोवर प्रकाशकाच्या हाती २ कोटी डॉलर आलेले असतात. प्रकाशकाचा छपाईचा, जाहिरातीचा आणि वितरणाचा खर्च वजा केला तरी त्याचे भांडवल केव्हाच मोकळे झालेले असते. स्टुडिओला मात्र शेवटच्या टप्प्याच्या हप्त्यानंतर एक डॉलरही मिळालेला नसतो. प्रकाशकाने सगळी जोखीम घेतलेली असते, हा त्याचा युक्तिवाद खोटा नाही, कारण त्याच्या यादीतील बहुतेक गेम तोट्यातच जातात. पण यातून स्टुडिओच्या वाट्याला काय येते, हे पाहिले पाहिजे: साधारण चांगला खपलेला गेम त्याला काहीच देत नाही, आणि केवळ असामान्य खप झाला तरच त्याच्याकडे स्वतःचे भांडवल जमा होते.

त्यातही टप्प्यांच्या पद्धतीत एक जाच आहे, ज्याची चर्चा बाहेर फारशी होत नाही. टप्पा मान्य व्हायला प्रकाशकाकडे तीन आठवडे लागले, एखाद्या बारीक कारणावरून तो परत आला, पुन्हा दोन आठवडे गेले, तर या काळात स्टुडिओचे पगार थांबत नाहीत. म्हणून शहाणा व्यवस्थापक पुढचा प्रकल्प आधीचा संपण्यापूर्वीच पदरात पाडून घेण्याच्या मागे असतो, आणि ते जमले नाही तर वीस माणसे पगारावर ठेवून काम शोधत बसावे लागते. स्टुडिओ बंद होण्याच्या ज्या प्रसंगांचे हिशेब मी जवळून पाहिले आहेत, त्यांतील बहुतेक दोन प्रकल्पांच्या मधल्या याच रिकाम्या काळात घडले.

लुकिंग ग्लासच्या चालकांना हे सारे कळत होते, आणि त्यांनी त्यावर जो उपाय शोधला तो कागदावर अगदी योग्य होता: आपणच प्रकाशक व्हायचे. 'सिस्टिम शॉक' १९९४ मध्ये ओरिजिनतर्फेच आला होता, परंतु १९९५ मध्ये सीमस ब्लॅकली यांच्या नेतृत्वाखाली बनलेला 'फ्लाइट अनलिमिटेड' हा विमानोड्डाणाचा गेम कंपनीने स्वतः प्रकाशित केला आणि तो चांगला खपला. दर प्रतीमागचा वाटा कैकपटींनी वाढल्यावर हाच मार्ग खरा, असे कोणालाही वाटले असते. त्यानंतर मार्च १९९६ मध्ये 'टेरा नोव्हा' आणि १९९७ मध्ये 'ब्रिटिश ओपन चॅम्पियनशिप गोल्फ' आले, आणि दोन्ही बाजारात पडले.

'टेरा नोव्हा'बद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण माझ्या मते स्टुडिओची पुढची दशा तिथे ठरली. मोकळ्या मैदानात पथक घेऊन लढण्याची त्याची कल्पना काळाच्या पुढची होती. गेमचे काम १९९२ मध्येच सुरू झाले होते. मध्यंतरी 'विंग कमांडर ३' या गेमने नटांना घेऊन चित्रित केलेल्या दृश्यांची लाट आणली, आणि आपल्याही गेममध्ये ती हवीत या आग्रहापोटी 'टेरा नोव्हा'मध्ये चित्रीकरण घालण्यात आले. त्याने खर्च वाढला, वेळ वाढला, आणि ज्या गोष्टीसाठी स्टुडिओ ओळखला जात होता तिच्यात काहीही भर पडली नाही. प्रकाशक दुसरा असता तर तो वाढीव खर्च त्याच्या माथी गेला असता. इथे तो स्वतःच्याच तिजोरीतून गेला. स्वतः प्रकाशक होण्याचा आणखी एक धोका त्या काळात होता, तो म्हणजे न खपलेली खोकी दुकानदार परत पाठवत असत. मालाची ऑर्डर आली म्हणजे विक्री झाली असे नव्हे. सहा महिन्यांनी माल परत येऊन हिशेब उलटा फिरू शकत असे. मोठ्या प्रकाशकाला शंभर गेमांच्या यादीत हे पचते. लुकिंग ग्लासकडे यादी नव्हतीच, मोजके दोन-तीन गेम होते.

या फटक्यानंतर १९९७ मध्ये इंटरमेट्रिक्स या सॉफ्टवेअर कंपनीत लुकिंग ग्लासचे विलीनीकरण झाले. अवकाशयानांसाठी आणि संरक्षण खात्यासाठी प्रणाली लिहिणारी ही कंपनी; स्पेस शटलवर वापरली गेलेली प्रोग्रॅमिंगची भाषा तिने तयार केली होती. गेमच्या धंद्याशी तिचा मेळ कठीण होता आणि काही काळाने स्टुडिओ पुन्हा वेगळा झाला, पण दरम्यान ऑस्टिनमधील वॉरन स्पेक्टर यांची शाखा बंद झाली आणि काही महिन्यांत जवळपास निम्मी माणसे गेली. त्या गेलेल्या माणसांत केन लेव्हीन, जोनाथन चे आणि रॉबर्ट फर्मियर होते, ज्यांनी इरॅशनल गेम्स काढली. स्पेक्टर आयन स्टॉर्म या दुसऱ्या स्टुडिओत गेले आणि तिथे त्यांनी २००० साली 'डेउस एक्स' आणला. एखाद्या स्टुडिओची खरी मालमत्ता म्हणजे एकत्र काम करण्याची सवय झालेली माणसे. ती अशा रीतीने विखुरते, आणि कोणत्याही ताळेबंदात तिची घट दिसत नाही.

आणि नेमक्या याच पडझडीत 'थीफ' बनत होता. या विरोधाभासामुळेच लुकिंग ग्लासची गोष्ट समजायला अवघड जाते. लपून राहणे, सावलीत थांबणे, पावलांचा आवाज कोणत्या जमिनीवर किती होतो याचे भान ठेवणे, हे सारे गेमच्या केंद्रस्थानी आणणारा तो पात्राच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाहत खेळायचा (फर्स्ट-पर्सन) पहिला मोठा गेम होता. त्यासाठी पहारेकऱ्यांना पाहण्याची आणि ऐकण्याची जाणीव असणे आवश्यक होते, म्हणजे कृत्रिम बुद्धीचा असा थर लिहावा लागणार होता, ज्यासाठी आधीचा नमुनाच नव्हता. तो थर एकदा लिहून टाकून द्यावा लागला आणि नव्याने उभारावा लागला. जवळपास अडीच वर्षे काम चालले, पूर्णवेळ चमू अवघा १९ जणांचा होता आणि खर्च अंदाजे ३० लाख डॉलर झाला. १९९८ च्या उन्हाळ्यापर्यंत तो खेळण्यात मजा येईल की नाही, हे चमूलाही ठामपणे सांगता येत नव्हते. नोव्हेंबर १९९८ मध्ये आयडॉसने तो प्रकाशित केला. मे २००० पर्यंत त्याच्या सुमारे ५ लाख प्रती विकल्या गेल्या.

वर दिलेले उदाहरण इथे लावून पाहावे. ३० लाखांचा खर्च आणि ५ लाखांचा खप. त्या सर्वसाधारण अटी धरल्या तर स्टुडिओच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या यशांपैकी एक ठरलेला गेमही उचल फेडण्याच्या अलीकडेच थांबतो. म्हणून 'थीफ खपला नाही म्हणून लुकिंग ग्लास बुडाला' हे जे सर्रास म्हटले जाते, ते मला मान्य नाही. 'थीफ' उत्तम खपला होता. उचलीवर चालणाऱ्या स्टुडिओला सावरण्यासाठी उत्तम खप पुरत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

'सिस्टिम शॉक २'चा हिशेब वेगळा, पण निष्कर्ष तोच आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये आलेला हा गेम इरॅशनलबरोबर मिळून, 'थीफ'साठीच लिहिलेल्या डार्क इंजिनवर (इंजिन म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो ते मूळ सॉफ्टवेअर), सुमारे १७ लाख डॉलरमध्ये पूर्ण झाला. खर्चाच्या शिस्तीचा तो आदर्श नमुना होता. समीक्षकांनी त्याची मनापासून स्तुती केली, परंतु एप्रिल २००० पर्यंत अमेरिकेत त्याच्या साठ हजार प्रतीही खपल्या नाहीत.

शेवटच्या वर्षात कंपनीने एकाच वेळी अनेक दारे ठोठावली. निन्टेंडो ६४ या घरगुती गेमयंत्रासाठी दुसऱ्यांचे गेम उतरवून देण्याची कामे घेतली. 'कमांड अँड कॉन्कर' आणि 'डिस्ट्रक्शन डर्बी' यांच्या त्या यंत्रावरील आवृत्त्या लुकिंग ग्लासने केल्या. 'फ्लाइट अनलिमिटेड ३' १९९९ मध्ये आला, पण त्याच हंगामात मायक्रोसॉफ्टचा 'फ्लाइट सिम्युलेटर २०००' बाजारात होता आणि त्याच्यापुढे तो टिकला नाही. दुसऱ्या महायुद्धातील विमानांवरचा 'जेन्स अटॅक स्क्वॉड्रन' हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रकाशकासाठीचा प्रकल्प लांबत गेला, खर्च वाढवत राहिला आणि अखेर रद्द झाला. शीतयुद्धातील हेरगिरीवर आधारलेला 'डीप कव्हर' इरॅशनलबरोबर मायक्रोसॉफ्टसाठी बनणार होता, तोही रद्द झाला.

जोखीम वाटून घेण्यासाठी अनेक प्रकारचे गेम करावेत, असा सल्ला धंद्यात नेहमी दिला जातो आणि लुकिंग ग्लासने तो तंतोतंत पाळला होता: विमाने, गोल्फ, भविष्यातले सैनिक, चोर, अवकाशयानातील भयकथा, जुन्या गेमच्या नव्या आवृत्त्या. माझे स्पष्ट मत असे आहे की, साठ-सत्तर माणसांच्या स्टुडिओसाठी हा सल्ला घातक आहे. प्रत्येक प्रकाराला वेगळे इंजिन, वेगळे जाणकार, वेगळा ग्राहक लागतो, आणि एका प्रकारात मिळवलेले कौशल्य दुसऱ्यात उपयोगी पडत नाही. डार्क इंजिनवर तीन गेम निघाले, तिथे खर्च खाली आला आणि काम वेगाने झाले. विमानांच्या गेममध्ये गुंतलेला पैसा आणि माणसे त्याच दिशेला वळवली असती तर परिस्थिती वेगळी झाली असती, असे मला वाटते. अर्थात विमानांचा गेमच १९९५ मध्ये कंपनीला चांगला पैसा देऊन गेला होता, त्यामुळे त्या वेळी आतून हे पाहणे किती कठीण होते, याचीही मला जाणीव आहे.

मग 'थीफ २' आला. मार्च २००० मध्ये तो बाजारात पोहोचावा यासाठी चमूने जिवाचे रान केले, कारण कंपनीचे अस्तित्वच त्यावर टांगलेले होते. गेम वेळेवर आला, चांगला झाला आणि विकलाही गेला. परंतु रॉयल्टीचा हिशेब तिमाहीच्या अखेरीला होतो, त्यानंतर काही आठवड्यांनी विवरण येते आणि मग पैसे. कंपनीला पगार मात्र लगेच द्यायचे होते. आयडॉस स्वतः त्या वर्षी आर्थिक अडचणीत होती, त्यामुळे तिच्याकडून आगाऊ मदत मिळण्याची शक्यता मावळली. २४ मे २००० रोजी लुकिंग ग्लास बंद झाला.

आयडॉसचा पैसा आयन स्टॉर्मच्या 'डायकताना' या गेमने गिळला, आणि म्हणून लुकिंग ग्लासला तो मिळाला नाही, अशी एक कथा त्याच आठवड्यापासून सांगितली जाते, कारण 'डायकताना'ही त्याच मे महिन्यात आला आणि त्याची दैना झाली. ही कथा सांगायला सोपी आहे आणि तिच्यात थोडे तथ्यही असेल. तरीही, एका प्रकाशकाची अडचण स्टुडिओला मारू शकते, याचाच अर्थ त्याच्याकडे दुसरे काही उरलेले नव्हते. मायक्रोसॉफ्टचा करार टिकला असता, किंवा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा प्रकल्प वेळेत पूर्ण झाला असता, किंवा 'फ्लाइट अनलिमिटेड ३' निम्मा जरी चालला असता, तरी आयडॉसचा उशीर सोसता आला असता. चारही आधार एकाच अर्ध्या वर्षात निसटले.

हे केवळ त्या जुन्या काळाचे दुखणे होते असे कोणी समजू नये. ट्रॉयका गेम्स हा 'फॉलआउट' या गेमच्या तीन निर्मात्यांनी १९९८ मध्ये काढलेला स्टुडिओ. त्यांचा 'व्हॅम्पायर: ब्लडलाइन्स' नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २'च्याच दिवशी बाजारात आला, कारण तो त्याच गेमच्या इंजिनवर बनला होता आणि त्याच्याआधी विकण्याची मुभा करारात नव्हती. पुढचा प्रकल्प कोणीच दिला नाही आणि काही महिन्यांत स्टुडिओ बंद झाला.

टेलटेल गेम्सची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण तिच्या काळात खोकी आणि दुकाने यांचे महत्त्व संपत आले होते आणि गेम इंटरनेटवरून थेट विकता येत होते. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथे सुरू झालेल्या या स्टुडिओने भागाभागांनी गेम विकण्याची पद्धत बसवली, आणि २०१२ मधील 'द वॉकिंग डेड'ने तिला प्रचंड यश दिले. पैसा लवकर येऊ लागला, म्हणजे लुकिंग ग्लासची मुख्य अडचण सुटल्यासारखी दिसत होती. पण त्यांनी त्या पैशाचा साठा केला नाही. त्याच साच्याचे गेम, दुसऱ्यांच्या मालकीच्या पात्रांवर, परवान्याचे पैसे भरून, एकामागून एक काढत नेले आणि माणसे साडेतीनशेच्या वर गेली. इंजिन जुनेच राहिले. पुढच्या बहुतेक गेमना 'द वॉकिंग डेड'इतका खप मिळाला नाही, पगाराचा आकडा मात्र वाढलेलाच राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये ९० जणांना काढले, आणि २१ सप्टेंबर २०१८ रोजी, एका गुंतवणूकदाराने माघार घेतल्यानंतर, सुमारे अडीचशे जणांना कोणतीही भरपाई न देता त्याच दिवशी घरी पाठवण्यात आले. पंचवीसेक जण उरलेले काम पुरे करण्यासाठी थांबले. तिथे काम करणाऱ्यांना आदल्या दिवसापर्यंत काहीच सांगितले गेले नव्हते. ही गोष्ट मला सर्वांत अक्षम्य वाटते. पैसा संपणे हा धंद्यातला अपघात असू शकतो. तो संपत आल्याचे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांपासून ते लपवणे हा अपघात नसतो.

आता जे स्वतः स्टुडिओ चालवत आहेत किंवा काढू पाहत आहेत, त्यांच्यासाठी मी कोणत्या गोष्टी पाहतो ते सांगतो. सर्वांत आधी मी विचारतो की, आज सगळे हप्ते थांबले तर किती महिन्यांचे पगार खात्यात आहेत. सहा महिन्यांच्या खाली असेल तर तो स्टुडिओ स्वतंत्र आहे असे मी समजत नाही, त्याचे गेम कितीही चांगले असोत. त्यानंतर करारातील तीन कलमे. पहिले, प्रकाशकाने टप्पा ठरावीक दिवसांत तपासला नाही, तर तो मान्य झाला असे धरले जाईल, असे लिहिले आहे का? दुसरे, प्रकाशकाने स्वतःच्या सोयीसाठी प्रकल्प रद्द केला, तर निदान पुढच्या दोन-तीन महिन्यांचा खर्च त्याने द्यावा अशी तरतूद आहे का? 'डीप कव्हर'सारखा प्रकल्प रद्द होतो, तेव्हा स्टुडिओला पुढचे काम शोधायला उसंत मिळते की नाही, हे केवळ या एका कलमावर ठरते. तिसरे, रद्द झालेल्या कामाचे हक्क स्टुडिओकडे परत येतात का, म्हणजे ते दुसऱ्या कोणाकडे नेता येईल.

स्टीमसारख्या इंटरनेटवरील दुकानांमुळे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे हे मान्य केले पाहिजे. दुकान साधारण ३० टक्के ठेवते, उरलेला पैसा दर महिन्याला येतो, न खपलेली खोकी परत येण्याचा प्रश्नच नाही, आणि जुना गेम दहा वर्षे विकला जात राहतो. बेल्जियममधील लेरियन स्टुडिओने २०१४ मध्ये 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन' लोकवर्गणीची जोड घेऊन स्वतः प्रकाशित केला, त्याच्या विक्रीतून पुढचा गेम उभा केला आणि २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३'पर्यंत मजल मारली, एकाच प्रकारच्या गेमवर, वाढवत नेलेल्या एकाच इंजिनवर. लुकिंग ग्लासच्या काळात हा मार्ग उपलब्धच नव्हता, म्हणून त्यांच्या चालकांना आजच्या मापाने तोलणे अन्यायाचे होईल. मात्र दुकान खुले झाल्यामुळे तिथली गर्दीही अफाट झाली आहे, आणि प्रकाशकाची उचल नसेल तर दोन वर्षांचे पगार कोठून द्यायचे, हा प्रश्न जसाच्या तसा उभा आहे.

एक शेवटची बाब, जिचा विचार स्टुडिओ काढताना कोणीही करत नाही. लुकिंग ग्लासमधून बाहेर पडलेल्या माणसांनी नंतर काय केले हे सर्वश्रुत आहे: लेव्हीन यांचा 'बायोशॉक' २००७ मध्ये आला, ब्लॅकली मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सबॉक्स या गेमयंत्राच्या जनकांपैकी एक ठरले, 'थीफ'चे प्रकल्पप्रमुख ग्रेग लोपिकोलो आणि ध्वनिरचनाकार एरिक ब्रॉसियस हार्मोनिक्स या स्टुडिओत 'गिटार हीरो' हा गेम बनवणाऱ्यांत होते. परंतु त्यांनी बनवलेल्या गेमचे हक्क भलतीकडेच गेले. 'थीफ' आयडॉसकडे राहिला आणि त्याचा तिसरा भाग २००४ मध्ये आयन स्टॉर्मने पुरा केला. 'सिस्टिम शॉक'चे नाव इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे होते, तर गेमचा स्वामित्वहक्क कंपनी बंद झाल्यानंतर एका विमा कंपनीच्या ताब्यात गेला होता, आणि या गुंत्यामुळे 'सिस्टिम शॉक २' अनेक वर्षे कायदेशीरपणे विकत घेताच येत नव्हता. नाइटडाइव्ह स्टुडिओजने त्या विमा कंपनीशी बोलणी करून २०१३ मध्ये तो पुन्हा विक्रीला आणला. पहिल्या 'सिस्टिम शॉक'ची नव्याने घडवलेली आवृत्ती मे २०२३ मध्ये आली. कंपनी विसर्जित झाली तर गेमचे हक्क आणि मूळ कोड कोणाकडे जातील, संस्थापकांना ते ठरावीक किमतीत परत घेण्याचा पहिला अधिकार राहील का, हे भागीदारीच्या पहिल्याच करारात लिहिता येते, आणि त्यासाठी वकिलाचा फार तर एक दिवस खर्ची पडतो.